वेगवान सर्व्ह आणि 'स्पिनवेडा' यांचा राग

टेबल टेनिसच्या वेगवान सर्व्हमध्ये चेंडूचा पहिला टप्पा आपल्याच शेवटच्या रेषेजवळ पाडावा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली 'स्पिनवेडा' या टोपणनावाने एक वाचक लिहितात: "वेग मनगटातून येतो. एवढंही ज्याला ठाऊक नाही, त्याने पहिल्या टप्प्याची गणितं मांडू नयेत. लेखकाने बॅट कधी हातात धरली आहे का?" शिवाय व्हिडिओ नाही, आखूड सर्व्हवर ओळ नाही, बॅटवरच्या रबराचा उल्लेख नाही, अशा तक्रारी आहेत.

व्हिडिओ हवा होता, मान्य.

पण "बॅट धरली आहे का", हा काय सूर झाला? मतभेद असू देत की! मी शिकलो तेव्हा चेंडू ३८ मिलिमीटरचा होता, गेम २१ चा आणि सर्व्ह सलग पाच. २००० साली चेंडू ४० चा झाला, पुढच्या वर्षी गेम ११ वर आला आणि हाती दोनच सर्व्ह उरले. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. एवढ्या उलथापालथीत माझा लांब सर्व्ह टिकला. आमच्या जिमखान्यातली कॉलेजची पोरं आजही माझ्यासमोर दोन पावलं मागे सरकून उभी राहतात. त्यांना विचारा, मी पुस्तकी आहे का ते.

आता मनगट. ते नको असं मी कुठे म्हटलंय? चेंडूला वेग देणं कुणालाही जमतं, तो टेबलात मावत नाही हीच तर अडचण आहे. टेबल २.७४ मीटर, म्हणजे आपली बाजू १.३७. चेंडू आधी आपल्याकडे टप्पा घेणार, मग १५.२५ सेंटिमीटरची जाळी ओलांडणार. पहिला टप्पा आपल्या बाजूच्या मधोमध पडला, तर सत्तरेक सेंटिमीटरात त्याला जाळीवर चढायचंय. तो उंच उडतो, आणि त्यात वेग असला की थेट पलीकडे बाहेर. तोच टप्पा आपल्या शेवटच्या रेषेजवळ पाडला, तर चढायला जवळजवळ पूर्ण बाजू मिळते. चेंडू सपाट जातो आणि समोरच्याच्या रेषेजवळ पडतो. याला गणित म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

यासाठी चेंडू जाळीच्या उंचीपर्यंत खाली येऊ द्यावा लागतो. १६ सेंटिमीटर तर नियमानेच उडवायचा असतो, पण नवशिके तो छातीशी असतानाच हाणतात. मग तो टेबलावर आपटून उसळतो, तिथे मनगट काय करणार? मनगटाचं खरं काम शेवटच्या क्षणी, सैल पकडीतून झटका देऊन थोडा टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, घालायचं. त्यानेच चेंडू पलीकडे लवकर खाली वळतो. हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला असतात तर प्रतिक्रिया लिहिण्याचा त्रास वाचला असता.

पटत नसेल तर आपल्या कडेशी एक पोस्टकार्ड ठेवा आणि पहिला टप्पा त्यावरच पाडायचा प्रयत्न करा. आधी हळू. टप्पा जागेवर पडू लागला की मग तुमचं ते मनगट आणा.

रबर हा वेगळा विषय. आणि आखूड सर्व्हचं म्हणाल, तर लेखाच्या शीर्षकात 'वेगवान' हा शब्द बराच ठळक छापला होता.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, फक्त भाषा जरा बरी ठेवा. नाहीतर ती इथे दिसणार नाही.