‘एलिट कॅम्प’चं आमंत्रण म्हणजे निवड नव्हे

अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कॉलेजच्या सॉफ्टबॉल एलिट कॅम्पचं आमंत्रण आलं म्हणजे कोचने मुलीला हेरलंय, आठवी-नववीत गेलं नाही तर स्कॉलरशिप हुकते.’ हे खरं नाही.

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या नियमानुसार कॉलेजचे असे कॅम्प, म्हणजे खेळाची शिबिरं, सर्वांना खुले ठेवावे लागतात. मर्यादा घालता येते ती फक्त संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा-मुलगी एवढ्यावर. नावात ‘एलिट’ असलं तरी हाच नियम. शिवाय डिव्हिजन १ च्या, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांपैकी सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांच्या, कोचना अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलीशी किंवा पालकांशी भरतीबद्दल बोलायलाच मनाई आहे, कॅम्पमध्येसुद्धा. म्हणजे आठवीतल्या मुलीला डिव्हिजन १ चा कोच तिथे संघात जागा देऊ करू शकत नाही. आणि डिव्हिजन ३ मध्ये तर खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच.

माझ्या मुलीलाही असा ईमेल आला होता, त्यामुळे ती धाकधूक मला ठाऊक आहे. कॅम्प वाया जातो असं मी म्हणत नाही. पिचर किंवा कॅचरला तिथे चांगलं शिकायला मिळू शकतं. मुलगी अकरावीत असेल, ते कॉलेज तिला मनापासून हवं असेल आणि कोचने तिचा खेळ पाहून तिला स्वतःहून लिहिलं असेल, तर विमानाचा खर्चही मला पटतो. नुसत्या छापील आमंत्रणावर मात्र नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.