निराधार व्हायचंय? आधी तयारीला लागा

मुंबईत सरकारदरबारी गरीब ठरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. परवा आत्याला घेऊन तिच्या पेन्शनच्या पडताळणीला गेलो होतो. तुमच्या घरातलंही कोणी म्हातारं होणारच आहे, तेव्हा चार गोष्टी सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी उत्पन्न सांभाळा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर श्रावणबाळ योजनेसाठी, म्हणजे पासष्टीपुढच्या निराधारांच्या राज्य सरकारी पेन्शनसाठी, वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. दोन वडापाव आणि एक कटिंग झाली की तुम्ही जवळजवळ श्रीमंत. लाडक्या बहिणीला मात्र अडीच लाखांपर्यंत मुभा आहे. पैसे दोन्हीकडे तेच, महिन्याला १,५००. म्हणून बायांनो, वयाची ६५ वर्षं ओलांडू नका. तोवर तुम्ही अडीच लाखांत लाडक्या, त्यानंतर श्रावणबाळाच्या दारात २१,००० वाल्या.

झेरॉक्स मागितली नसेल त्याचीही काढून ठेवा.

सर्व्हर डाऊन असला तर चिडू नका, त्यालाही जेवायला लागतं.

आता मुख्य मुद्दा, अंगठा. अंगठ्याची निगा लहानपणापासून राखा. आमच्या आत्याने हे केलं नाही. उभी हयात लोकांची भांडी घासली, राखेने आणि नंतर त्या हिरव्या घासणीने. मग रेषा राहतात कशाला? मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. "आजी, पुसून ठेवा." पदराला पुसून ठेवला, लाल. "दाबून ठेवा." दाबून ठेवला, नखाखालचं रक्त उतरून बोट पांढरं पडलं, तरी लालच. मागच्या बाईने पर्समधून व्हॅसलीन काढलं. रांगेतल्या बायांना हे सगळं पाठ आहे, कोणी ओलं फडकं आणतं तर कोणी खोबरेल. मग तर्जनी, मग डावा हात, दहाही बोटं झाली. खिडकीतला मुलगा म्हणाला, "आधार केंद्रात जाऊन अपडेट करून या." तिथे काय नवीन अंगठे मिळतात का रे बाबा? आत्या हळूच मला म्हणाली, "मी मेले तर ते ह्यांना बरं लगेच कळेल." आणि हेच मशीनवाले सरकार! २०२५ मध्ये बातमी आली, लाडक्या बहिणींच्या यादीत १४ हजारांवर पुरुष निघाले. त्यांना महिनोन्‌महिने पैसे गेले, तेव्हा कुठे लागला होता लाल दिवा? पकडायला सापडली कोण, तर भांडीवाली म्हातारी.

सरकारी साहेबांनो, तिला जिवंत असल्याचा दाखला दरवर्षी मागता. अहो, मेलेल्याची नोंद महापालिकेत होतेच ना? स्मशानात कागद दाखवल्याशिवाय तुम्ही सरण रचू देत नाही. ती यादी पेन्शनच्या यादीला जोडा, मेलेल्यांची नावं आपोआप गळतील. जिवंत माणसाला कशाला रिक्षाचे पैसे घालून बोलावता? अंगठा लागला नाही म्हणून रेशन नाकारू नका, असं केंद्राने २०१७ सालीच राज्यांना लेखी कळवलंय. तोच नियम पेन्शनच्या खिडकीला लावायला तुमचा हात कोणी धरलाय? लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. त्यात सेवा नाकारली तर कारण लेखी द्यायचं असतं. "नंतर या" हे कारण नाही.

आणि रक्कम? वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना २०० रुपये, २००७ सालीही तेवढाच होता. तुमचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, जानेवारीत आणि जुलैत. तूरडाळ काय फक्त तुमच्याच घरी महाग होते? त्या २१,००० च्या मर्यादेवर सही करणाऱ्याने त्यात मुंबईत एक महिना काढून दाखवावा, वर्ष राहू दे.

मशीन चालत नसेल तर खुर्चीतून उठा, बाहेर या, बाकावर बसलेल्या बाईचं तोंड बघा आणि कागदावर सही करा. पगार त्याचाच घेता तुम्ही.