रक्तातला आकडा आणि डोक्यावरचा चट्टा
रक्तातल्या सीएक्ससीएल-१० या प्रथिनावरून चाई आणि कोड किती जोरात आहे ते कळू शकेल, हे लेखात वाचून बरं वाटलं. मला चाई आहे. डॉक्टर टाळूचा उघडा भाग नजरेने मोजून ० ते १०० मध्ये सॉल्ट स्कोअर देतात. तो झालेलं नुकसान सांगतो, आत काय शिजतंय ते नाही. चट्ट्याच्या कडेला मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे केस दिसले की समजायचं, अजून पसरतेय!

पण हे प्रथिन विषाणूसंसर्गातही वाढतं. मग तापात काढलेल्या रक्ताचं काय करायचं? आणि नाण्याएवढा एकच चट्टा असेल तर तो रक्तात उमटेल? नुसत्या आकड्यावर बॅरिसिटिनिब हे चाईवरचं औषध सुरू-बंद करायला मी तरी धजणार नाही.