‘धरसोड’ या शब्दाबद्दल

तेरेसा द लॉरेटिस या स्त्रीवादी अभ्यासक; समलैंगिकतेच्या अभ्यासाला ‘क्वीअर थिअरी’ हे नाव त्यांनी दिलं. त्यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक बर्डीकर’ (बर्डी म्हणजे नागपूरची सीताबर्डी) या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: “‘क्वीअर थिअरी’ हे नाव स्वतःच द्यायचं आणि चार वर्षांत टाकून द्यायचं, ही कारकीर्द नाही, धरसोड आहे. फ्रॉइडने ज्यांची वाढ खुंटली म्हटलं, त्यांनीच त्याचं बोट धरावं याचं तुम्हाला नवल वाटत नाही? परिषदेचं सालही चुकलंय. असो, हौशी लेखनाकडून फार अपेक्षा नाही.” पुढे एक हसरा चेहरा.

आधी साल. सांताक्रूझची (मुंबईचं नव्हे, कॅलिफोर्नियातलं) ती परिषद, जिथे हे नाव पहिल्यांदा पुढे आलं, फेब्रुवारी १९९० मध्ये झाली. मी १९९१ लिहिलं, ते ‘डिफरन्सेस’ या नियतकालिकाच्या त्यावरच्या विशेषांकाचं साल. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. पण चूक दाखवताना समोरच्याला ‘हौशी’ म्हटल्याशिवाय भागत नाही का? मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तो हसरा चेहरा मी शेवटच्या बाकावर भरपूर पाहिलाय, भाऊ. फक्त त्या पोरांची नावं हजेरीपटात असायची.

आता ‘धरसोड’. बाईंनी तो शब्द काही बारशाला ठेवतात तसा ठेवला नव्हता. ‘लेस्बियन अँड गे’ असं एका दमात म्हटलं की दोघांतले फरक गिळले जातात, वंशाचा प्रश्न तर तोंडातही येत नाही, ही त्यांची तक्रार. म्हणून ‘क्वीअर’ या समलैंगिकांना दिल्या जाणाऱ्या शिवीला ‘थिअरी’ जोडून त्यांनी मुद्दाम खटकणारं नाव घेतलं. ते खटकायचंच बंद झालं. १९९४ मध्ये त्यांनी लिहिलं की हे नाव प्रकाशन व्यवसायाने पोकळ करून टाकलंय, आणि ते बाजूला ठेवलं. गाजलेल्या नावावर जन्मभर पोळी भाजणारे आपण काय कमी पाहिलेत?

बरं, नाव सोडलं म्हणजे काम सोडलं का? त्याच १९९४ मध्ये त्यांचं ‘द प्रॅक्टिस ऑफ लव्ह’ आलं. त्यात फ्रॉइडची विकृतीची आणि फेटिशची (एखाद्या वस्तूवर जडलेल्या कामेच्छेची) मांडणी घेऊन बाईला बाईची वाटणारी ओढ कशी समजून घ्यायची, हे पानोपानी आहे. २००८ मध्ये पुन्हा ‘फ्रॉइड्स ड्राइव्ह’. आणि मिलानच्या बोकोनी विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या या बाईंचं सुरुवातीचं पुस्तक कोणावर? इतालो स्वेवो या इटालियन कादंबरीकारावर, ज्याची १९२३ ची कादंबरीच एक रुग्ण आपल्या मनोविश्लेषकासाठी लिहितो. एवढी वर्षं एकच धागा. याला धरसोड म्हणता?

हा शब्द मला लागतो, हे कबूल करते. मीही पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरपुढे बसून चार वर्षं कार्डं लिहिली. मग लक्षात आलं की माझ्या शीर्षकातला शब्द प्रत्येक चर्चासत्रातल्या प्रत्येक निबंधात आहे आणि कुठेच त्याला अर्थ उरलेला नाही. विषय बदलून मागितला. मार्गदर्शक म्हणाले, “मॅडम, ही धरसोड झाली.” पदवी राहिली ती राहिलीच. शब्द सोडायला काय पडतं हे मला बर्डीवर उभं राहून कोणी शिकवू नये.

फ्रॉइडचं म्हणाल, तर १९३५ मध्ये एका अमेरिकन आईला त्याने पत्रात लिहिलं की समलैंगिकतेत लाजण्यासारखं काही नाही, हा आजार नाही. विषय संपला. त्याच वाक्यात पुढे वाढ खुंटल्याचंही आहे, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते. त्यावर पुन्हा कधीतरी.

पुढचा भाग रविवारी टाकते. सालं दोनदा तपासलीत. तुम्हाला चहाला बोलावलं असतं, पण बोलावू कोणाला? बर्डीवर दिवसभरात लाखभर बर्डीकर असतात.