आम्ही खेळतो तो टाइमपास

परवा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर बिघडला म्हणून दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, मुलाला पाठवा ना, कुठला हवा ते त्याला कळेल." माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. त्याचं गेमचं यंत्र, प्लेस्टेशन, इथेच राहिलं, आणि आता त्यावर मुलापेक्षा माझे तास जास्त झालेत. पण मागे रांग होती. "डावी स्टिक ड्रिफ्ट होतेय," एवढंच म्हणाले. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

वय ५७. बँकेतून व्हीआरएस घेतलेली. दुपारी आईचं जेवण आटोपलं की दोन ते चार माझे.

दुकानातल्या त्या मुलाचा राग नाही आला. त्याने आयुष्यभर जे गेम पाहिले त्यांत माझ्या वयाची बाई असतेच कुठे? २०१८चा 'गॉड ऑफ वॉर' घ्या. मला तो मनापासून आवडला, दोनदा संपवलाय. क्रेटोस दाढीवाला बाप झालाय, थकलाय, पोराशी धड बोलता येत नाही, तरी नायक तोच. आणि आई? आई राखेच्या थैलीत. बापलेक ती राख सगळ्यात उंच शिखरावरून उधळायला निघालेत, हाच अख्खा गेम. 'द लास्ट ऑफ अस'मध्येही पिकत चाललेल्या दाढीचा बाप आहे, त्याची बायको गोष्टीत नाहीच. 'विचर'चा गेराल्ट तर डोकंभर पांढरे केस घेऊन हिंडतो आणि सगळ्यांना देखणा वाटतो. पुरुष पिकला की त्याला खोली येते. बाई पिकली की तिला गेममधून उचलतात.

साठीची बाई शोधायला निघाले तर 'ओव्हरवॉच'मधली आना सापडली. इजिप्तची नेमबाज, वय ६०, एका डोळ्यावर पट्टी, आणि नेम असा की बघत राहावं. पण रुपयातला हा एकच आणा. उरलेले पंधरा कुठे?

तरुण बाईसुद्धा फुकट मिळालेली नाही. २०१४च्या जूनमध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'असॅसिन्स क्रीड युनिटी' दाखवला. चौघांनी मिळून खेळायची सोय, चारही पुरुष. बाई का नाही? तर म्हणे अ‍ॅनिमेशनचं काम दुप्पट होईल. याच मालिकेतल्या आधीच्या एका गेमचं अ‍ॅनिमेशन सांभाळलेल्या जोनाथन कूपरने लगोलग सांगितलं, अहो, एक-दोन दिवसांचं काम आहे हे. आणि गेम कशावर? फ्रेंच राज्यक्रांतीवर! १७८९च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात चालत व्हर्सायला गेल्या आणि राजा-राणीला पॅरिसला घेऊन आल्या. त्या क्रांतीत यांना बाई काढायला जमेना.

तरी माझी खरी तक्रार चित्रांबद्दल नाही. हिशोबाबद्दल आहे. बायका किंवा म्हातारी माणसं एखादा गेम मोठ्या संख्येने खेळायला लागली की तो 'खरा गेम' राहत नाही. त्याला 'कॅज्युअल' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत टाइमपास. असं एकेक करून सगळं बाजूला काढायचं आणि उरलेल्याकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, बायका कुठे गेम खेळतात?

हे नवं नाही. १९८०च्या सुमारास नामको या जपानी गेम कंपनीतल्या तोरू इवातानीला दिसलं की आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, नुसते पुरुष आणि नुसतं परग्रहवासीयांना गोळ्या घालणं. मुलींनी, जोडप्यांनी यावं म्हणून त्याने खाण्यावर गेम रचला, भुतंसुद्धा गोजिरवाणी केली. (बायका म्हणजे खाणं, हा त्याचा तर्क मला जरा खटकतो, पण हेतूला पैकीच्या पैकी.) तोच पॅक-मॅन. जगभर चालला. बायकांना समोर ठेवून केलेला गेम इतका चालतो म्हटल्यावर धंद्याने धडा घ्यायला हवा होता. घेतला नाही. १९८९मध्ये निन्तेंदोने हातात मावणारं यंत्र काढलं, त्याचं नाव काय? गेम बॉय.

'द सिम्स' या घरसंसार मांडायच्या गेमचंही तेच. तो रचणाऱ्या विल राइटने ती कल्पना मांडली तेव्हा तिला बाहुलीघर म्हणायचे, आणि वरच्या साहेबांना ती पटेना. भातुकली कोण खेळणार? २००० साली गेम आला आणि दोनच वर्षांत पीसीवर तोवर सगळ्यात जास्त खपलेला गेम ठरला. खेळणाऱ्यांत बायका भरपूर. मग निन्तेंदोचंच २००६चं यंत्र, वी. त्याचा रिमोट हातात धरून घरातल्या घरात बोलिंग करायचं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत त्याच्या स्पर्धा व्हायला लागल्या, दहा कोटींवर यंत्रं खपली. आणि स्वतःला खरे गेमर म्हणवणारी मंडळी नाकं मुरडत बसली.

बरं, आमची आठवण झालीच तर डबा गुलाबी. १९९६मध्ये बार्बीचे कपडे डिझाइन करायचा गेम दोन महिन्यांत पाच लाख खपला, त्यातून धंदा शिकला तो फक्त रंग.

आमच्या आईचं वय ८१. टॅबवर कँडी क्रश, कितव्या पातळीवर आहे ते ती सांगत नाही, नजर लागते म्हणे. संध्याकाळी मावशीशी लुडो किंग, आणि तो आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा. लॉकडाउनमध्ये या दोघी त्याच्यावरच तगल्या. मी एकदा विचारलं, "आई, तू दिवसाला किती तास गेम खेळतेस गं?" तर म्हणाली, "छे, मी कुठे गेम खेळते? नुसता टाइमपास." तिच्यासारख्यांच्या या टाइमपासवर उभी असलेली कँडी क्रशची कंपनी २०१६मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड या बड्या गेम कंपनीने ५.९ अब्ज डॉलर मोजून घेतली. पैसे मोजताना आम्ही खेळाडू असतो, फक्त तेव्हाच.

जपानच्या हामाको मोरी यांचं नाव नव्वदाव्या वर्षी गिनीज बुकात गेलं, सगळ्यात वयस्कर गेमिंग यूट्यूबर म्हणून. कौतुक झालं, पण मांजराने सायकल चालवली की होतं तसं. आजी, तुम्हाला काय हवंय, हे कुणी विचारलं का?

मला विचाराल तर सांगते. अक्षरं मोठी करा. मला चाळिशी लागून पंधरा वर्षं झाली. सोफ्यावरून टीव्हीवरची मुंग्यांएवढी ओळ वाचायला उठून जावं लागतं आणि तेवढ्यात कुणीतरी मागून कुऱ्हाड घालतं. हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये, २०२०च्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा साठाहून जास्त सोयी दिल्या होत्या. आणि ऑनलाइन खेळताना माइक बंद ठेवावा लागू नये. एकदा चालू ठेवला होता. मी बोलले मात्र, समोरून "ए, कुणाची तरी आई आलीये" आणि हशा. हो, आहेच कुणाची तरी आई.

आपल्याकडे होतंय थोडं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि तिची गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. तो खेळताना आई पहिल्यांदा टॅब बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसली होती.

कालही बसली. नवा कंट्रोलर जोडला, पुढच्या गुहेत शिरले, दोन राक्षस मारले आणि निघाले. मागून आवाज आला, "अगं, डावीकडची पेटी राहिली."