चार किलोमीटर, साडेतीन तास

परवा पहिल्यांदाच घरातले सगळे मिळून जंगलातल्या एका गोल वाटेवर गेलो. मी, नवरा, सहा वर्षांचा लेक, सासूबाई, आणि कुठेही नेलं तरी ज्यांना आधी शॉर्टकट दिसतो ते आमचे भाऊजी. वाट चार किलोमीटरची, सगळा मिळून चढ १२० मीटर. सुरुवातीच्या पाटीवर लिहिलेलं, 'सोपी'.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगून ठेवलाय. त्याचा मैल-फुटांचा हिशोब आपल्या मापात साधारण असा: ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्यानुसार आमची वाट बरोब्बर एका तासाची होती. आम्हाला साडेतीन तास लागले. नेस्मिथसाहेबांबरोबर सहा वर्षांचं पोर नसणार, एवढंच मी म्हणेन.

कारण पहिल्या अर्ध्या किलोमीटरलाच एक पडलेलं झाड आलं. लेकाने सालीचा सुटा तुकडा उचलला. खाली बुरशीचे पांढरे, कापसाच्या धाग्यासारखे तंतू लाकडात शिरलेले, आणि एक पैसा जातीचा किडा हात लागताच चकलीसारखा गुंडाळून बसला. मग तो उलगडेपर्यंत थांबणं आलं. उलगडला, चालला, पुन्हा गुंडाळला. भाऊजी घड्याळ बघतायत, सासूबाई मात्र शेजारी उकिडव्या बसून नातवाइतक्याच रंगल्यात. साल होती तशी परत ठेवायला लावली, कारण ते त्याचं घर आहे. या एका ओंडक्यापाशी चाळीस मिनिटं गेली आणि माझ्या मते दिवसातली सगळ्यात चांगली तीच.

आता माझं मत. नवख्यांना सगळे गोल वाट सुचवतात, तीच वाट परत तुडवावी लागत नाही म्हणून. पटतं. पण जाऊन-येऊन वाटेवर कंटाळलात की मागे वळता आणि परतीची वाट तुमच्या ओळखीची असते. गोल वाटेवर 'आता पुढेच जाऊ' हा मोह फार. म्हणून निर्णय अर्ध्यावर घेऊ नका, एक तृतीयांशावर घ्या. तिथून मागे फिरलात तर एकूण चाल दोन तृतीयांशच होते. पुढे गेलात तर अजून दुप्पट चालायचंय आणि तेही न पाहिलेल्या वाटेने. तिथेच पोराचा चेहरा आणि म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बघायचे. त्याहून उत्तम म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट, जिची दोन्ही वर्तुळं गाडीपाशी येतात. एक झालं की घरी जायची मुभा, आणि कुणाला हार मानल्यासारखंही वाटत नाही.

दिशाही निवडून घ्या. अवघड चढ आधी संपेल आणि उतार लांब, हळू मिळेल अशी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते बहुतेक उतारामुळे. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मला माहितीये, माझेच गुडघे आहेत."

तीन किलोमीटरवर भाऊजींनी अपेक्षेप्रमाणे घोषणा केली, "गाडी त्या बाजूलाच आहे, आडवं घुसू." मी ठाम नाही म्हटलं. जंगलातला चकवा आपण गोष्टीतच ऐकलेला असतो, पण २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात सरळ चालायला सांगून त्यांची वाट जीपीएसवर टिपली होती. आभाळ भरलेलं, सूर्य दिसत नाही, की माणसं नकळत गोल फिरायला लागली. आपण सरळच चाललोय या समजुतीत! आमच्या वेळीही आभाळ भरलेलंच होतं. भाऊजी गप्प झाले. अगदी गप्प नाही, थोडं पुटपुटले.

बाकी फार सामानाची गरज नाही. पाणी, खाऊ, घातलेले जुने बूट (कोरे नकोत, टाचा सोलतात), आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला. रेंज कमी असली की फोन सिग्नल शोधत बॅटरी खातो, तेव्हा विमान मोडवर ठेवा. मुलाच्या गळ्यात शिट्टी, आणि एकच सूचना: आम्ही दिसलो नाही तर जवळच्या झाडाला धरून बस, शोधत फिरू नकोस. आणि दाट झाडीखाली अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर होतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका.

हो, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. आम्ही लेकाला 'वाटाड्या' केला. झाडांवरच्या पिवळ्या खुणा शोधत तो शेवटचा किलोमीटर असा सुटला की मागून सासूबाईंनाच ओरडावं लागलं, "अरे वाटाड्या, थांब!"

गाडीत बसल्या बसल्या झोपला. बुटातून अर्धं जंगल निघालं.