पब्लिक पॉलिसीचे वर्ग बडोद्यात भरले पाहिजेत

माझी भाची बेंगळुरूला पब्लिक पॉलिसी, म्हणजे सरकारी धोरणांचा विषय, शिकते. तिच्या संस्थेचं बातमीपत्र ती दर महिन्याला मला पाठवते आणि मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. कोण माजी सचिव व्याख्यानाला आले, कुणाला कुठली फेलोशिप मिळाली, कोण कुठल्या मंत्रालयात इंटर्न म्हणून लागलं, मेस कमिटीच्या निवडणुकीत काय झालं. सरकार कसं चालतं हे तरुण मुलं इतक्या मन लावून शिकताहेत याचा मला खरोखर आनंद आहे. पण ही मुलं ज्या शहरात राहतात त्या शहराची बातमी त्यात जवळजवळ नसते. मागच्या अंकात मात्र चार ओळींची एक नोंद होती. दोन विद्यार्थिनी रेशनच्या दुकानात बसून, अंगठा जुळला नाही म्हणून रिकाम्या पिशवीने परत जाणाऱ्या लोकांशी बोलल्या होत्या. मी लगेच फोन केला. भाची म्हणाली, "मावशी, ते फील्डवर्क होतं गं, त्याला मार्क कमी असतात."

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

माझी नोकरी सरकारी हिशेबखात्यात झाली. योजना गांधीनगरला ठरते, पण लोकांना ती भेटते खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या रूपात. कोणता दाखला चालेल, कोणता नाही, "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" हे कोण कुणाला सांगतं, यावर त्या योजनेचं भवितव्य ठरतं. धोरण शिकायचं तर या खिडकीशी उभं राहून शिकलं पाहिजे, आणि त्याला बडोद्यासारखं गाव नाही, असं माझं ठाम मत आहे.

सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण एका हुकमानिशी सगळ्या राज्यात लादलं, असं आपण सहज बोलून जातो. तसं झालेलं नाही. १८९३ मध्ये त्यांनी ते आधी फक्त अमरेलीच्या भागात करून पाहिलं. संपूर्ण राज्याला कायदा लागू झाला १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षं बघण्यात, खर्चाचा अंदाज घेण्यात, शिक्षक तयार करण्यात गेली. ज्याला आज पायलट प्रोजेक्ट म्हणतात ते आपल्याकडे, हार्वर्डच्या केनेडी स्कूलचं मूळ असलेली संस्था १९३६ मध्ये सुरू होण्याच्या कितीतरी आधी, होऊन गेलं होतं. ग्रंथालयांचंही तेच. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनना बोलावलं हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्याहून मोठी वाटते ती पैशाची रचना: गावकऱ्यांनी काही रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावाने स्वतःचे पैसे घातले की पुस्तकाचं कपाट कुलूपबंद राहत नाही.

पण या राज्याचा सगळ्यात मोठा धडा यशाचा नाही. तो सयाजीबागेत आहे.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या काळातलं हे अत्यंत धाडसी धोरण होतं आणि ते सफल झालं. मुलगा शिकला, अर्थशास्त्रज्ञ झाला. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर आले. त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, आणि खरी जात कळल्यावर काठ्या घेऊन लोक दारात आले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून काढला. आज तिथे त्या प्रसंगाचं स्मारक, संकल्पभूमी, आहे आणि दर २३ सप्टेंबरला हजारो माणसं येतात.

हिशेबखात्यातली बाई म्हणून मला तो फिरत राहिलेला अर्ज फार छळतो. महाराजांची इच्छा होती, पैसा होता, माणूस असामान्य होता. तरीही घर देण्याचा निर्णय कुठल्याच टेबलावर झाला नाही, कारण प्रत्येक टेबलामागे बसलेल्या माणसाला तो आपल्याकडून व्हायला नको होता. धोरण शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिल्या आठवड्यात संकल्पभूमीवर जाऊन यावं, आणि मग परत वर्गात बसून विचारावं, की तो कागद नेमका कुठे अडला आणि त्याला पुढे ढकलण्यासाठी काय करता आलं असतं.

जुनं पुरे, २०२४ घ्या. ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने बडोद्यातल्या काळ्या घोड्यापाशी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, कुठे कुठे पाणी शिरलं ते तुम्ही पाहिलंच आहे. नंतर सरकारने व्यापाऱ्यांसाठी मदत जाहीर केली: लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, ५,००० रुपये, छोट्या केबिनला २०,०००, मोठ्या केबिनला ४०,०००, ठरावीक उलाढालीपर्यंतच्या पक्क्या दुकानाला ८५,०००. मदत दिली हे चांगलंच झालं. पण माझ्या डोक्यात प्रश्न आला तो लारीवाल्याचा. त्याची लारी रोज कुठे उभी राहते याचा त्याच्याकडे कागद काय? २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार पाहणी होऊन विक्री प्रमाणपत्र मिळायला हवं. ते ज्याच्याकडे आहे त्याचं नाव यादीत सहज चढेल. ज्याच्याकडे नाही, ज्याची लारी भाड्याची आहे, जी बाई टोपलीत भाजी घेऊन ओट्यापाशी बसते, तिचं काय? हा प्रश्न दिल्लीत बसून सुचणार नाही. तो सुचायला रावपुऱ्यात भाजी घ्यावी लागते.

आणि हे सगळं शिकवायला लागणारी माणसं आपल्या सयाजीराव विद्यापीठात आहेत. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र आहे, कायदा आहे, सोशल वर्कची जुनी फॅकल्टी आहे, १८९० च्या कलाभवनातून वाढलेली इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे जिला नदीचं पाणी मोजता येतं. हंसाबेन मेहतांसारख्या पहिल्या कुलगुरू या विद्यापीठाला लाभल्या. पण आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखालचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि कलाभवनातला सिव्हिलचा विद्यार्थी विश्वामित्रीवर एकत्र काम करताना मला तरी दिसलेले नाहीत. २०२३ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेट-सिंडिकेट जाऊन बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. सिनेटमध्ये भांडणं व्हायची, पण शहरातली माणसं निवडून येऊन तिथे बोलायची. आता तो दरवाजा नाही, तर विद्यापीठाने शहराकडे जाणारा दुसरा दरवाजा उघडायला हवा.

मला हवं ते बातमीपत्र असं असेल. खंडेराव मार्केटमध्ये, म्हणजे महापालिकेच्या कचेरीत, बजेटवर चर्चा चालू असताना गॅलरीत कोण विद्यार्थी बसले होते. २०२२ मध्ये महापालिकेने काढलेल्या १०० कोटींच्या रोख्यांचं पुढे काय झालं ते कुणी समजून घेतलं. १९ वॉर्डांपैकी कुठल्या वॉर्डात पूर-मदतीचे अर्ज सर्वाधिक परत गेले आणि का. सफाई कामगार वर्गात येऊन काय सांगून गेले. प्लेसमेंटही छापा, मुलांना नोकऱ्या लागल्याच पाहिजेत. पण ती शेवटच्या पानावर.

यात आपल्या मराठी घरांना करण्यासारखं एक ठोस काम आहे. संस्थानच्या कारभाराचे ढीगभर कागद मोडी लिपीत आहेत आणि आजच्या विद्यार्थ्यांना ते वाचता येत नाहीत. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी इथल्या जुन्या घरांत अजून मोडी वाचणारी मंडळी आहेत, कुणाचे आजोबा, कुणाच्या आत्या. आठवड्यातून एक दुपार त्यांनी चार मुलांना दिली तर गावच्या ग्रंथालयांचा आणि शाळांचा हिशेब पुन्हा उलगडता येईल.

विद्यापीठात शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर मला मेसेज करा. फॅकल्टी कुठलीही चालेल. आणि मोडी येणाऱ्यांनी खाली कॉमेंटमध्ये फक्त "येतं" एवढं लिहा, यादी मी करते. सप्टेंबरच्या आत पहिली बैठक घ्यायची आहे.